बाबांनी न ऐकलेलं कौतुक
लॅपटॉपवर विद्यापीठाच्या वायफायची पासवर्ड मागणारी चौकट उघडली, की मला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आठवते. देवासला घरी बाबा इस्त्रीचा सदरा घालून मोबाइलसमोर बसले होते, कारण मी त्यांना ती व्हिडिओ कॉलवर दाखवणार होते. पण विद्यापीठात परीक्षेच्या खोलीत माझ्या मोबाइलला रेंज नव्हती आणि लॅपटॉप काही केल्या जोडला जाईना. संगणक कक्षातले गृहस्थ म्हणाले, “पासवर्ड तो कल ही बंद हो गया, मॅडम. नया बनवाना पडेगा.” नवा पासवर्ड मिळून बाबा पडद्यावर दिसले, तेव्हा परीक्षक निघून गेले होते. “काय म्हणाले गं?” त्यांनी विचारलं. “काम मनापासून केलंय म्हणाले.” “त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं,” बाबा हळूच म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढू लागले. आता परीक्षक म्हणून मी विद्यार्थ्यांचे आईवडील व्हिडिओवर जोडले जाईपर्यंत थांबते.