व्यंकट सरांची ज्वारीची बिअर

व्यंकट सर चहाचा कप तोंडाला लावण्याआधी नाकाशी धरायचे. थोडं थांबायचे, मान हलवायचे आणि मग पाणी प्यावं तसा चहा पिऊन टाकायचे. लातूरच्या एका क्लासमध्ये ते जीवशास्त्र शिकवायचे आणि मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये मी हे रोज पाहत असे. शेवटी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "करोनात वास गेला, मॅडम. परत आला की कळंल, म्हणून बघत असतो."

डॉक्टर व्हायला निघालेली शेकडो पोरं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक बॅच, आणि रविवारी चाचणी. सरांचा आवाज कायम बसलेला असायचा. दोन तासांच्या मध्ये ते खुर्चीत डोळे मिटून पाय लांब करून बसत. मी एकदा म्हटलं, "सर, फार थकलात." तर म्हणाले, "थकायला बी ताकद लागती, मॅडम. तेवढी बी उरली न्हाई." हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की त्यातला विनोद निघून गेला.

आम्ही एकाच इमारतीत भाड्याने राहायचो, ते खाली आणि मी वर. त्यामुळे त्यांची दुसरी ओळख मला झाली. तरुणपणी ते बंगळुरूला एका बिअरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. चाकूरकडच्या गावी वडिलांना पक्षाघात झाला, एकुलता एक मुलगा म्हणून हे नोकरी सोडून आले. वडील बरीच वर्षं अंथरुणाला होते. ते गेले तोवर बंगळुरूची वाट बुजली होती. मग उरला क्लास, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात ठेवलेलं एक स्टीलचं पिंप.

त्या पिंपात सर ज्वारीची बिअर करत. ज्वारी भिजवून मोड आणायचे, गच्चीवर वाळवून भरडायची, कोमट पाण्यात तिचा गोड रस उतरवायचा, बाहेरून मागवलेली हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा आणि गार करून आंबवायचा. विकणं तर दूरच, पाहुण्यालाही ते थेंब देत नसत. "ही प्यायची वस्तू न्हाई, बघायची हाय," म्हणायचे. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी उमरीच्या, माळकरी घरातल्या. गळ्यात तुळशीची माळ. पहिली काही वर्षं त्या बोळात पाऊलही टाकत नव्हत्या.

पण सरांचा वास गेला आणि पिंप बंद पडलं. बिअर बिघडते आहे की बरोबर चालली आहे, हे आधी नाकाला कळतं. वर्षभर ते भांडं पालथं पडून होतं. मग एके दिवशी वहिनीच म्हणाल्या, "अहो, प्यायची न्हाई मला. पण वास घ्यायला काय हाय? तुम्ही करा, मी सांगते."

तेव्हापासून त्या झाकण उघडून वाकायच्या आणि सर शेजारी उभे राहायचे. "कच्च्या केळाचा येतोय." "मग अजून दोन दिवस." "आता भिजल्या कडब्यासारखा." "बिघडलं. टाकून दे." असा कितीतरी रस मोरीत गेला. पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळे प्रत्येक वेळी टाकताना वहिनींचा जीव तुटायचा.

घरी बिअर करणाऱ्यांची एक देशपातळीवरची स्पर्धा असते, असं सरांना जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. प्राथमिक फेरी पुण्यात. मी विचारलं, "बक्षिसासाठी?" ते म्हणाले, "न्हाई हो. माझं काम मला अजून येतं का, तेवढं एकदा बघायचंय." पुण्यात त्यांच्या बिअरचा दुसरा नंबर आला आणि बंगळुरूच्या अंतिम फेरीत नाव लागलं. त्या दिवशी ते मला सांगायला वर आले, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढताना पाहिलं.

अंतिम फेरीसाठी नवा रस घातला आणि आमच्या गल्लीतली डीपी जळाली. पिंप गार ठेवणारा जुना फ्रीज बंद. मी तोवर तो क्लास सोडला होता; सर बॅचला गेले की वहिनी आणि मी पिंपाभोवती ओली गोणपाटं गुंडाळायचो, बर्फाच्या लाद्या लावायचो. मार्चचं ऊन. लाईट आली तोवर रस तापायचा तो तापला होता. दुसरा रस घालायला वेळ नव्हता. त्यात स्पर्धा रविवारी. क्लासच्या संचालकांनी रजा नाकारली. "पोरांची परीक्षा तोंडावर आलीय, सर. तुम्हीच असं केलं तर?" सर घरी आले, बूट न काढता बसून राहिले. "राहू द्या. जमत न्हाई आता."

वहिनी म्हणाल्या, "मी जाते." मला रजेचा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "मीही येते."

बाटल्या गोधडीत गुंडाळून आम्ही बंगळुरूला पोचलो. मोठा हॉल, टेबलं, दाढीवाली तरुण मुलं. नऊवारी नेसलेल्या वहिनी त्यांच्यात अवघडून उभ्या होत्या. एक परीक्षक बाई आमच्या टेबलाशी आली. घोट घेऊन थांबली. हिंदीत विचारलं, "ही महक कसली?" वहिनी म्हणाल्या, "हुरडा भूनते ना जी, शेत में, वैसी."

बाईने पुन्हा ग्लास नाकाशी नेला. "हो, तसंच काहीतरी," असं म्हणाली. मग विचारलं, "तुम्ही किती वर्षं पिता?" वहिनींनी माळेला हात लावला. "कभी नहीं पी." बाई हसली नाही. तिने कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

निकाल लागेपर्यंत वहिनी एकेका टेबलाशी जाऊन ग्लासावर वाकत होत्या. आमचा नंबर आला नाही. वास उत्तम, पण चव शेवटी आंबट आणि तुरट, आंबताना उष्णता वाढली असावी, असा शेरा होता.

लातूरला सकाळी परतलो तेव्हा सर क्लासला निघायच्या तयारीत होते. मी शेरा वाचून दाखवला. "बरोबर हाय त्यांचं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता पिशवी उचलून जातील. पण ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि वहिनींना विचारलं, "बाकीच्यांच्या बिअरला वास कसा होता?"

वहिनी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकल्या. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक टेबलाशी जाऊन त्या का वाकत होत्या, हे मला तेव्हा कळलं. "पहिल्या टेबलावरच्याला संत्र्याच्या सालीचा होता. त्याच्या पलीकडं लवंगेचा, पण हलका. आणि पहिला नंबर आला ना, त्याला तर करपल्या दुधाचा येत होता. कसं दिलं बक्षीस कुणास ठाऊक."

"करपलं दूध न्हाई ते. धान्य जास्त भाजलं असंल." सरांनी डोळे मिटले होते. "कडक होता का मऊ?"

सरांच्या खिशातला फोन वाजू लागला. क्लासमधूनच असणार. त्यांनी तो न बघताच बंद केला.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "मला घाई न्हाई."