गाठीतला जेट

वडगाव रासाईला माझी नर्स म्हणून नेमणूक झाली तेव्हा भीमेकाठच्या साऱ्या वस्त्या माझ्या गळ्यात पडल्या. पायी फिरायचं म्हटलं तर दिवसाला एकच वस्ती व्हायची. म्हणून मी मोपेड घेतली. सत्तरच्या दशकातलं गाव ते. पांढरी साडी खोचून, मागे औषधांची पेटी बांधून मी फटफट करत निघाले की लोक कामं टाकून बघत. आठवडाभर बघून घेतलं, मग त्यांनाच कंटाळा आला.

नवरा दौंडला रेल्वेत, सुटीच्या दिवशी यायचा. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे. मामांनी केडगावच्या बाजूला रेल्वे फाटकावर गेटमन म्हणून अख्खी नोकरी काढली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचा पगार तुम्ही आयुष्यभर खाल्लात, असं मी त्यांना चिडवायचे आणि ते हसायचे. मोपेडबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं, चला, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूनं आहे.

ओढ्यापलीकडच्या वस्तीला जाताना वाळूचा चढ लागायचा. कुरकुरत का होईना, गाडी तो चढायची. मग एकदा शिरूरला आमची मीटिंग होती. मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. मामा पेन्शनसाठी एस.टी.नं आले होते, ते म्हणाले, मी बसतो गाडीपाशी. संध्याकाळी गाडी चकचकीत होऊन मिळाली आणि त्या दिवसापासून तिच्यातला जीवच गेला.

मूठ पूर्ण पिळली तरी ती सायकलसारखी चालायची. चढावर तर सरळ बसकण मारायची. इंजिन इतकं तापायचं की साडीचा काठ लागू नये म्हणून मी जपून बसायचे. मेकॅनिककडे पुन्हा गेले तर तो म्हणाला, आता ॲव्हरेज किती चांगलं पडतंय बघा ताई. पेट्रोल महाग झालेलं, सगळ्यांना तेवढंच ऐकायचं असायचं. मला ॲव्हरेज नको होतं, मला चढ चढायचा होता.

एका सकाळी ओढ्यापलीकडून निरोप आला, पहिलटकरीण अडली आहे. गाडी चढाखालीच बंद पडली. पेटी उचलून, वाळूत पाय रुतवत मी पोचले तोवर मूल झालेलं होतं. म्हाताऱ्या सुईणीनं निभावून नेलं होतं, दोघं सुखरूप होती. त्यांनी मला चहा दिला. आज निभावलं, उद्या नाही निभावलं तर? गाडी अशीच राहिली तर ही नोकरी माझ्याच्यानं होणार नाही, हे मला त्या चहापाशी कळलं. परत येताना रडू आलं. रागाचं रडू.

घरी येऊन मी स्वतःच कार्ब्युरेटर उघडला. पूर्वी कचरा अडकला होता तेव्हा मीच साफ केला होता, त्यामुळं भीड चेपलेली होती. खालची वाटी काढली की आत पितळेचा इवलासा स्क्रू दिसतो, तो जेट. त्याच्या भोकातून जेवढं पेट्रोल जाईल तेवढंच इंजिनच्या पोटात. इंजेक्शनच्या सुया उकळायच्या आणि त्यांची भोकं उजेडात तपासायची, हे तर माझं रोजचंच काम. मी जेट पेट्रोलनं धुतला, फुंकला, खिडकीत धरला. भोक स्वच्छ होतं, पण माझ्या ओळखीचं नव्हतं. आधीचं याहून मोठं होतं. प्लगही पांढराफटक पडला होता, म्हणजे इंजिन उपाशीपोटी राबत होतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं शिरूर गाठलं. मेकॅनिक ताकास तूर लागू देईना. मी जेट त्याच्या हातावर ठेवला आणि तिथल्याच स्टुलावर ठाण मांडून बसले.

"मला कशापायी बोलताय ताई?" तो शेवटी म्हणाला. "तुमच्या मामांनीच सांगितलं, गाडी पळाय नको आसं कायतरी कर म्हनून."

जुना जेटही त्यांनीच मागून घेतला होता. असं तापत राहिलं तर काय होईल, मी विचारलं. त्यानं मान खाली घातली. कधी तरी पिस्टन धरेल, म्हणाला, आणि गाडी चालता चालता जाम होईल.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाटभर मी मनातल्या मनात भांडत आले. मामा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी आवाज चढवला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

"मामा, तुम्ही घालायला लावलेल्या जेटनं इंजिन जळत होतं. चालत्या गाडीत ते जाम झालं असतं तर मी रस्त्यावर आपटले असते."

त्यांचा हात थांबला.

"फाटकावर म्या लई बघितलं, पोरी," ते म्हणाले. "घाईनं आलेली मानसं. तू गाडीवर निघालीस की मला त्येच दिसायचं. म्हटलं, हळू चालली तर वाचंल."

"आणि बाळंतिणींनी कुणाची वाट बघायची?"

त्यांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली आणि पितळेचा जेट माझ्या हातावर ठेवला. "टाकला न्हाई. तुझी वस्तू हाय."

मला त्यांचा राग आलेला होता आणि त्याच वेळी इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना. सुचेना म्हणून मी पाना घेतला.

स्क्रू मामांनी ओंजळीत धरले. जुना जेट बसवला, इंजिन गरम होऊ दिलं, मग मी हवेचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर करत बसले. आवाज कधी अडखळायचा, कधी उगाच चढायचा. एका जागी तो एकसारखा झाला. मी मामांकडे बघितलं, मामांनी मान हलवली.

पेटी बांधून गाडी काढली तर मामा आधीच रस्त्याच्या मधोमध उभे, हात आडवा धरून. पुन्हा अडवतायत, असं वाटून मी ब्रेक दाबला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, अगदी सावकाश. मग हात खाली घेतला आणि बाजूला झाले.

"जा," म्हणाले.

वाळूचा चढ मी त्या दिवशी गाडीवरून न उतरता चढले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी घरातून अशीच, मामांनी रस्ता बघून हात खाली घेतला की निघायचे. मामा गेल्यावर पहिल्यांदा ड्यूटीला निघाले तेव्हा त्या जागी माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. मी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि रस्ता मोकळा असूनही बराच वेळ तिथून हललेच नाही.