मंजुश्रीबाईंचं कार्ड आणि अविनाशरावांचा फोन

मंजुश्रीबाईंना माणसं फारशी आवडत नसत. सुलतानपूरच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवून त्यांचं मत पक्कं झालं होतं, की दहातल्या नऊ जणांना टक्केवारी कळत नाही आणि दहाव्याला ती कळल्याचा माज असतो. हा दहावा त्यांच्या घरातच होता. मेहकरच्या एका पतसंस्थेत कारकून असलेले अविनाशराव, त्यांचे यजमान. रोज संध्याकाळी पानटपरीवर उभं राहून हा गृहस्थ देशाचं बजेट दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर चष्मा कुठं ठेवला ते बायकोला विचारायचा. बाईंच्या पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड मात्र लग्नापासून त्याच्याच पाकिटात.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत बाईंसह शाळेतल्या चौघी कन्याकुमारीला निघाल्या होत्या. तिकिटं निघाली होती. बाईंना हवी होती फक्त एक चाकांची बॅग. घरात एक होती, नवऱ्याची, रेक्झिनची, चेन गेलेली आणि सुतळीनं बांधलेली. ती खांद्यावर टाकून समुद्र बघायला जाण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं बाईंना वाटे. नवऱ्याकडे पैसे मागायचे तर आधी घरात सुनावणी होणार आणि मग निकाल टपरीवर लागणार.

"ताई, सोताचं क्रेडिट कार्ड काढा ना," शाळेतली तरुण सहकारी अर्पिता म्हणाली. "ऑनलाइन सेल लागून राह्यला. कार्डावर सूटही भेटते."

बाईंचं खातं होतं त्याच बँकेचा एक टायवाला इसम पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये येऊन बसला. त्यानं सोनेरी कार्ड पुढं केलं.

"मॅडम, हे घ्या. विमानतळावर लाउंजमध्ये जेवण फ्री."

"मेहकरले इमानतळ कुठी हाय?"

"मॅडम, स्टेटसचा प्रश्न असतो."

"वर्षाची फी किती? बिल थकलं तर महिन्याले व्याज किती टक्के? आन् वर्षाचं किती झालं?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं फाइलीत बघून दिली. तिसऱ्याला तो पंख्याकडे बघायला लागला. बाराचा पाढा न येणारा माणूस आपल्याला पैशांचं शहाणपण विकायला आलाय, हे बघून बाईंना त्याचा रागसुद्धा आला नाही. त्यांनी बिनफीचं साधं कार्ड घेतलं, मर्यादा कमीत कमी ठेवली, आणि तारखेच्या आत पूर्ण बिल भरायचं, नाहीतर कार्ड कात्रीनं कापायचं, असं त्याच्यादेखत वहीत लिहून ठेवलं.

कार्ड घरी आलं तेव्हा अविनाशरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि दोन्ही बाजूंचे फोटो आपल्या फोनमध्ये काढून घेतले.

"हरपलं तर असावं. तुले काय समजते यातलं?"

रविवारी दुपारी बाईंनी तासभर पारखून मरून रंगाची बॅग निवडली. कार्डाचे आकडे भरले. पडद्यानं ओटीपी मागितला. बाई वाट बघत बसल्या, पण फोनवर काहीच येईना. मग फोन वाजला. टपरीवरून नवरा.

"मंजू, काय घेऊन राह्यली वं? मले ओटीपी आला."

"बॅग. सांगा लवकर, टाइम चालला."

"कायले पायजे? माही हाय ना."

"कन्याकुमारीले जायाचं हाय. सांगतलं होतं तुमाले."

"मंग मी हो म्हटलं होतं का?"

मागं चारपाच जण खिदळले. कुणीतरी ओरडलं, "वहिनीले नका देऊ हो, दुकानच घरी आणतीन!" पडद्यावरचे सेकंद संपले. पैसे भरले गेले नाहीत, असं लाल अक्षरांत आलं.

नवऱ्याबद्दल बाईंना नवीन काही वाटलं नाही, त्याची लायकी त्यांना जुनीच ठाऊक होती. त्यांना किळस आली ती स्वतःची. पोरांना रोज ओरडून सांगायचं, उत्तर आलं तरी पायऱ्या तपासा, आणि आपल्याच पगाराच्या खात्यावर कुणाचा नंबर आहे हे एकदाही तपासायचं नाही! खातं उघडलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, नवऱ्याचा. तोच फॉर्मवर गेला आणि तिथंच राहिला. कार्डालाही तोच चिकटला. आपण दुनियेला मूर्ख म्हणत फिरलो आणि सगळ्यात मोठी मूर्ख घरात साडी नेसून बसली होती.

सोमवारी अर्धी रजा टाकून त्या बँकेत गेल्या. आधार, पासबुक, नंबर बदलायचा अर्ज. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि मान वर केली.

"सरांना माहीत आहे ना?"

"पगार सराचा हाय का?"

त्यानं शिक्का मारला. बाईंनी जुनं एटीएम कार्ड बंद करून नवं मागितलं आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

चार दिवसांनी नंबर बदलल्याचा मेसेज आला. त्याच दिवशी बाईंनी बॅग मागवली आणि निघायच्या आदल्या आठवड्यात ती दारात आली. अविनाशरावांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"चाकं टिकनार नाहीत," ते म्हणाले आणि टपरीवर गेले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई बॅगेत साड्या भरत होत्या, तेवढ्यात त्यांच्या फोनवर ओटीपी आला. मेसेजात धावायच्या बुटांच्या दुकानाचं नाव होतं आणि कार्ड बाईंचंच, नवऱ्यानं फोटो काढून ठेवलेलं. अविनाशरावांना धावताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पाठोपाठ फोन.

"मंजू, तुह्या फोनवर एक नंबर आला असंन. सांग बरं." आवाज दबका होता.

"काय घेऊन राह्यले?"

"जोडा."

"आयकू नाही आलं. मोठ्यानं बोला."

"जोडा घेऊन राह्यलो, जोडा! आता सांग, सगळे उभे हायत इथं."

"कायले पायजे? जुना हाय ना."

"अवं, टाइम चालला!"

"मंग मी हो म्हटलं होतं का?"

बाईंनी फोन ठेवला नाही. तो स्पीकरवर टाकून बॅगेच्या झाकणावर टेकवला. नवरा आधी ओरडला, मग हळू आवाजात विनवायला लागला, आणि मागं पुन्हा कुणीतरी खिदळलं. वेळ संपल्याचा मेसेज येईपर्यंत बाईंच्या तीन साड्या घडी घालून झाल्या होत्या.