पन्नासच्या लेन्समध्ये न मावणारे दोन भाऊ

अणदूरहून माझ्या थोरल्या नणंदेचा, अक्कांचा, फोन आला. "माज्या दोन्ही पोरांसंगं एक फोटू काढ, नलू. माज्या भावाच्या काचंनं." भाऊ म्हणजे आमचे हे. ते गेले आणि त्यांची पन्नास मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे राहिली. अक्कांच्या पोरांचं, मल्हारी आणि बाळूचं, शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे. अक्कांना समेट नको होता, फक्त फोटो हवा होता. मी बॅग भरली.

पुण्याहून रेल्वेनं सोलापूर, पुढं एसटी. बायकांना अर्धं तिकीट, शिवाय खिडकीही मिळाली. वाटेत नळदुर्गचा किल्ला पाहिला. जाणार असाल तर पाणी जवळ ठेवा, सावली कमी आहे. जुनी लेन्स नेणार असाल तर मनाचीही तयारी ठेवा. ती फिल्मच्या मापाची, माझ्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे चित्राच्या कडा बाहेरच राहतात. पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते. एवढ्या मोठ्या किल्ल्यातला माझ्या वाट्याला अर्धा बुरूज आला. फोकसही हातानं लावायचा, तोवर बुरजावरचे पोपट उडून गेले.

अणदूरला शेंगापोळी खाऊन झाल्यावर सगळे अंगणात जमले. अक्का खुर्चीत मधोमध, मल्हारी एका टोकाला, बाळू दुसऱ्या. कॅमेऱ्यात अक्का तेवढ्या दिसत होत्या. मी थोडी मागं सरकले, तर सगळे तेवढेच पुढं आले, अक्कांची खुर्चीसुद्धा. पाहुणीला एकटीला कसं जाऊ द्यायचं? तिथंच थांबा म्हटलं, तर मल्हारी म्हणाला, "तुमीच थांबा की, मामी. आमी येतोय न्हवं." असं करत करत मी गोठ्यात शिरले आणि पाठीला म्हैस लागली.

सगळं मावणारी दुसरी लेन्स न्हाय का, असं बाळूनं विचारलं. ती माझ्या पिशवीतच होती. तिच्यात दोघं मावले असते, पण त्यांच्यामधलं अंतरही मावलं असतं. अक्का कधीच्या पदर सारखा करून ताठ बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी एवढ्या खोट्यावर आठवडाभर प्रार्थना म्हणायला लावली असती. "खुर्चीला चिकटून उभे राहा, नाहीतर फोटो होणार नाही."

दोघं सरकत सरकत आले. मी फोकस मुद्दाम सावकाश लावला. म्हैस माझा पदर चघळत होती.

घरी येऊन पाहिलं, तर दोघं भाऊ खुर्चीला अगदी चिकटलेले, पण एकाचं तोंड रस्त्याकडं, दुसऱ्याचं गोठ्याकडं. वाईट वाटलं. तरी मोठी प्रत काढली, फ्रेम करून पाठवली आणि तोंडं फिरलेली आहेत म्हणून फोनवर अक्कांची माफी मागितली.

"फिरू देत," अक्का म्हणाल्या. "फोटू टांगायला दोघांनीबी खिळा ठोकला. एकमेकांना न इचारता, शेजारी शेजारी."

"मग आता?"

"मग काय? दोन्ही खिळ्यांवर टांगलाय. लई घट्ट बसलाय."