दार वाजण्याआधीची जागा

मला कुणी दिग्दर्शक म्हटलं की अजूनही मागे वळून बघावंसं वाटतं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. पण होते मी दिग्दर्शक. सुरतेत आमच्या लिंबायतमध्ये तेव्हा घरोघरी केबल आली होती, आणि आमच्या केबलवाल्या भाईंना वाटलं, एवढी खानदेशी गिऱ्हाइकं आहेत तर त्यांच्यासाठी त्यांच्या बोलीत एखादी हसवायची मालिका हवी. गणपतीत आमच्या गल्लीची नाटुकली मीच बसवायचे, म्हणून ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, मला त्यातलं काही येत नाही. ते म्हणाले, "बेन, कोणाला येतं?"

मग मी शिकले. टीव्हीवर हिंदी मालिका लागली की आवाज बंद करून बघायची. कोण कुठे उभं राहतं, कोण कधी वळतं, ते आवाज नसला की नीट दिसतं. पोरं वैतागायची.

शूटिंग आमच्याच पुढच्या खोलीत. कॉट बाहेर काढायची, कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात लावायचा. कापडाच्या लूमच्या खात्यांना, म्हणजे कारखान्यांना, सुट्टी असेल त्याच दिवशी काम, नाहीतर बाहेरच्या खटखटीत एक शब्द ऐकू यायचा नाही. गोष्ट साधी होती. एक सासू, एक सून, आणि दर भागात दारात एक नवा पाहुणा. सासूचं काम आमच्या शेजारच्या आक्का करायच्या. घरात बोलायच्या तशाच अहिराणीत बोलायच्या, मी फक्त सांगायचे, "आक्का, तोंड इकडे."

पाहुणा यायच्या आधी दार वाजलं पाहिजे. ते काम आमच्या ह्यांचं. हे लूमवर कामाला. कॅमेऱ्यासमोर या म्हटलं की अंग चोरायचे. मी पुष्कळ सांगून पाहिलं, निदान पोस्टमन तरी व्हा, एकच वाक्य आहे. तर म्हणायचे, "माले जमाव नही." बाहेर उभं राहून दार वाजवायला मात्र तयार.

भाईंनी एकदा हसण्याची कॅसेट आणली. हिंदी मालिकेत मागून लोक हसतात ना, तशी. मी नको म्हटलं. आमची माणसं आपली आपण हसतील, त्यांना फक्त जागा ठेवा. म्हणजे आक्का काही बोलल्या की सगळ्यांनी जरा थांबायचं, बघणारा घरात हसून घेईल, आणि मग दार वाजायचं. आता ती जागा केवढी ठेवायची, हा प्रश्न. मी आतून हात करायचे, तो ह्यांना बाहेर दिसायचा नाही. आणि लूममुळे कान अर्धे गेलेले, "आता" म्हटलेलंही ऐकू जायचं नाही.

मग माझ्या लक्षात आलं, हे दाराच्या फटीतून आक्कांचं तोंड बघत असतात. बोलणं नीट ऐकू न येताही त्यांना हसू फुटायचं. तोंडावर रुमाल दाबून हसायचे, आणि हसणं ओसरलं की दार वाजवायचे. आणि ते बरोब्बर बसायचं. मी मग हात करणं सोडून दिलं. आमच्या मालिकेत प्रत्येक विनोदानंतरची जागा ही ह्यांच्या हसण्याएवढी आहे. नीट कान दिला तर रुमालाच्या मागची ती फुसफुसही टेपवर ऐकू यायची. कॅमेरावाला काढू म्हणाला होता, मी म्हटलं राहू दे.

पुढे ती मालिका बंद झाली. भाईंनी जुन्या कॅसेटींवर लोकांची लग्नं भरली. त्यांचंही बरोबर होतं, कॅसेट काय फुकट येत होती. एक तेवढी माझ्याकडे साड्यांखाली राहिली.

मागच्या वर्षी हे गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, आजोबांचा एकपण व्हिडिओ नथी? सगळ्यांचे आहेत." फोटो होते. लग्नातल्या व्हिडिओत कुठे पाठ, कुठे खांदा. कॅमेरा आला की माणूस बाजूला व्हायचं. मग मला ती कॅसेट आठवली. म्हटलं, दिसणार नाहीत, पण त्यांचं हसू आहे त्यात.

नात आणि मी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानात गेलो. मुलगा भला होता. कॅसेटला बुरशी लागली आहे, एकदाच चालली तर चालेल, म्हणाला. मी म्हटलं, चालव बाबा. आठवड्याने पेन ड्राइव्ह हातात दिला आणि कॅसेट पिशवीत. पट्टी आत तुटून गुंता झाला होता. पण सगळं उतरलं, म्हणाला. वर खुशीत म्हणाला, "बा, बीच बीच में सब ऐसे ही खड़े थे, कोई कुछ बोलता नहीं था. वो खाली जगह मैंने निकाल दी. अब एकदम टाइट है."

मला क्षणभर कळलंच नाही. त्याने काहीतरी कापलंय, एवढं नातीला कळलं. तिने विचारलं, आधीची फाइल? त्याने ती पुसून टाकली होती, कॉम्प्युटर भरला होता म्हणून. चांगलंच करायला गेला होता. जागा कशासाठी आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं, आणि ते मला सुचलं नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं, म्हणून वाटलं असेल सगळ्यांनाच माहीत.

घरी येऊन लावलं. आमची खोली, आमची जुनी भिंत, आक्का. आक्काही आता नाहीत. मालिकेतली सून म्हणते, पाहुणे येतायत आणि घरात दूध नाही. आक्का अहिराणीत म्हणतात, अर्थ असा, "पाहुणा चांगला असेल तर काळा चहा पिईल. आणि वाईट असेल तर त्याला दूध कशाला?" वाक्य पुरं होतंय न होतंय तोच दार वाजलं. ठक ठक. हात ह्यांचाच, दोन बोटं दुमडून वाजवायचे तसा. पण इतक्या लवकर त्यांनी कधी वाजवलं नसतं.

"लवकर झालं," मी म्हटलं.

नात माझ्याकडे बघत होती. मी तिला सगळं सांगितलं, फट, रुमाल, हसू. तिने व्हिडिओ मागे घेतला. आक्कांचं वाक्य संपलं तिथे थांबवला. पडद्यावर आक्का तोंड उघडं ठेवून उभ्या. खोलीत आम्ही दोघी. मी दाराकडे बघत बसले. हे आधी खांद्याने हसायचे, मग पोटाने, मग डोळे पुसायचे, मग एक श्वास घ्यायचे.

"आता," मी म्हटलं.

तिने बटण दाबलं. दार वाजलं. या वेळी बरोबर होतं.

पुढच्या जागी तिने मला न विचारताच थांबवलं. व्हिडिओ पुढे सोडताना मात्र जरा घाई केली. तेही मी राहू दिलं.