त्या वर्षी राहिलेला गाळ

धनी गेले त्याला आता दोन महिने होतील. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी बाव उपसायला माणसं लावली. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. परसात, गोठ्याच्या खालच्या अंगाला, काळ्या दगडात बांधलेली आमची बाव आहे. दर वैशाखात ती उपसून गाळ काढायचा असतो. पण जिचं कुंकू पुसून पंधरा दिवस झाले नाहीत, अशी बाई परसात उभी राहून गड्यांवर ओरडते, "कोपऱ्यातला काढ, तिथं राह्यलाय," हे कुणाला आवडेल? बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत. नदीवर धुणं आपटताना बोलल्या असतीलच. माझ्या तोंडाला गाव भितं, ते काही आजचं नाही.

बोलली ती एकटी माझी मुलगी. मी तिला मुलगी म्हणते, पण ती माझ्या धाकट्या जावेची. दोन वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवली आणि नेरळच्या अंगाला दिली. तिचा बाप, माझा दीर, पुढे मुंबईला गिरणीत गेला, तो वर्षाकाठी एकदा यायचा. चुलत्याच्या तेराव्याला म्हणून ती आली होती. मला म्हणाली, "आई, तुजं मन झालं तरी कसं गं?"

तिची आई पटकीनं गेली एवढं तिला ठाऊक आहे. आमच्या घरात पटकी कशी शिरली, ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. त्या वर्षी बावीचा गाळ राहिला, माझ्यामुळे राहिला, आणि त्यात तिची आई गेली. तोंडानं सांगायला गेले तर मी माझीच बाजू घेईन, मला मी ओळखते. त्या सालानंतर झालेल्या माझ्या थोरल्या मुलाच्या पाटीवर त्याच्याबरोबर मीही अक्षरं गिरवली होती, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या घरी बावीचा दिवस म्हणजे सणच असे. पाणी तळाला गेलं की एक दिवस धरायचा, दहा घरची माणसं बोलवायची. चारी बाजूंनी दोर सोडून पाणी उपसत. मग दोघे-तिघे आत उतरून टोपल्या भरभरून गाळ वर पाठवत. कुजलेला पाला, फुटकी मडकी, कुणाची हरवलेली कळशी, सगळं वर येई. तळ स्वच्छ झाला की नदीची वाळू पसरत आणि त्यावर आवळ्याचं लाकूड टाकत, त्यानं पाणी गोड राहतं. त्याच दिवशी बावीच्या काठाच्या फटी चिकणमातीनं लिंपायच्या आणि गोठ्याकडून येणारं पाणी बाहेर काढणारा पाट खणून मोकळा करायचा. तो पाट गोठ्यामागून शेताकडे जातो. संध्याकाळी सासूबाई बावीची ओटी भरत आणि दहाही घरांना पुरणपोळीचं जेवण होई. गाळ, काठ, पाट, ओटी आणि पुरण हे आमच्या डोक्यात असं एकत्र शिजलं होतं, की त्यातलं काम कोणतं आणि सण कोणता हे वेगळं करून कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी वैशाख लागता लागता सासूबाई तापानं गेल्या. दिवसवार झाले, सुतक फिटलं. महिनाअखेरीला मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला विचारलं, बावीचं काय करायचं. त्यांनी मला विचारलं याचाच मला केवढा अभिमान वाटला. किल्ल्या माझ्या कमरेला येऊन महिना झाला नव्हता. मी पदर सावरून सांगितलं, वर्षभर घरात गोडधोड नाही, तर बावीचा दिवस कसा करायचा? पुढल्या साली बघू. मामंजींचे डोळे भरले. म्हणाले, तिच्यामागं तू घर राखशील. धन्यांनीही मान हलवली. सून असावी तर अशी, असं लोकांनी म्हणावं ही माझी हौस होती आणि लोक तसं म्हणालेही.

जावेला ते पटलं नाही. ती कोंडाण्याकडची, डोंगराच्या पायथ्याची. तिच्या माहेरी झऱ्याचं पाणी, तिथं ओटी नाही नि पुरण नाही; झऱ्यात पाला पडला की जो जाईल तो हात घालून काढतो. लग्न होऊन चार वर्षं झाली होती तरी तिला आमच्या घरच्या रीती अंगावरच्या मोठ्या चोळीसारख्या व्हायच्या. भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "आक्का, ओटी नको, पोळ्या नको. गाळ तेवढा काढूया. आपुन दोगीच करू थोडं थोडं."

"सासूबाईंना जाऊन म्हैना नाय झाला," मी म्हटलं, "आन् तुला सण सुचतोय गं?"

ती म्हणाली, सण कुठं म्हणतेय मी. मग मात्र मी तिला सोडली नाही. तुझ्या माहेरी दगडातून पाणी येतं, तुम्हाला रीत कशाला लागते, असं बरंच काही बोलले. तिच्या माहेरावरून मी नेहमीच बोलायची. ती हसून सोडून द्यायची, त्या दिवशी हसली नाही. राख घेऊन भांडी घासत राहिली. शिवाय खरं सांगायचं तर नुसत्या गाळासाठी माणसं बोलवायची म्हणजे त्यांना जेवू घालणं आलं, आणि पुरणाशिवाय बावीचं जेवण घातलं तर आमच्या घराचं नाक कापलं जाईल, ही भीती मला होतीच. सासूबाईंचं दुःख मला नव्हतं असं नाही. पण त्या निर्णयात दुःख थोडं आणि मिरवणं जास्त होतं.

मृग लागला. पाऊस धरून आला आणि महिनाभर उघडला नाही. पाट कुणी खणला नव्हता, तो गाळानं बुजलेला. वरच्या आळीचं पाणी उतारानं आमच्या परसात येई आणि गोठ्यातलं शेणमूत घेऊन बावीभोवती तळं साचे. लिंपण जुनं, उन्हानं तडकलेलं. पाणी गढूळ येऊ लागलं. मी निवळीची बी मडक्याच्या आतून घासून ठेवायची, तासाभरात माती खाली बसे आणि वर काचेसारखं पाणी राही. ते भांडं मी मुद्दाम जावेपुढे नेऊन धरलं. बघ, म्हटलं, काय वाईट आहे यात? तिनं वास घेतला आणि निघून गेली.

आषाढात एका सकाळी मी मागच्या दारात आले तर ही इरलं घेऊन बावीपाशी वाकलेली. शेजारी चिकणमातीची टोपली. बोटांनी काठाच्या फटीत माती दाबत होती आणि पाऊस ती माती धुऊन नेत होता. पोर तिची पडवीत झोपलेली. मला वाटलं, वरच्या आळीतून कुणी पाहिलं तर म्हणतील, थोरलीनं नको म्हटलं आणि धाकटी करतेय. मी तिला हाक मारून घरात घेतलं. लावणीला बायका खोळंबल्यात, तुझी ही थेरं काय चालली आहेत, असं विचारलं. तिनं हात धुतले आणि ती शेतावर गेली. अर्धा काठ लिंपून झाला होता, अर्धा तसाच राहिला. तिच्याबरोबर मी वाकले असते तर दुपारपर्यंत काठही झाला असता आणि पाटही. दोन बायकांचं अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

मग कशेळ्याच्या बाजाराकडून रोग आला. गावानं देवीचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडला, तरी वरच्या आळीत दोन माणसं आडवी झाली. त्यांची धुणी त्यांच्या अंगणातच होत होती आणि ते पाणी कुठं जात होतं ते आता मी लिहायला नको. आमच्या घरात पहिली पडले मी. पुरुष दिवसभर शेतावर, ते तिथल्याच ओढ्याचं पाणी पीत. मामंजी खोकल्यासाठी बारा महिने ऊन पाणी घेत. पोर अजून आईच्या अंगावर पीत होती. घरचं गार पाणी पिणाऱ्या आम्ही दोघी.

माझं तीन दिवस तिनं केलं. सख्ख्या बहिणीनं तोंड फिरवलं असतं असं होतं ते. अंगाखालची वाकळ ती दिवसातून चारदा बदलायची. या रोगात पाण्याचा थेंब द्यायचा नाही असं सगळा गाव सांगत होता, मामंजीही सांगत होते. ती हो म्हणायची आणि पदराआड वाटी लपवून मला पेजेचं निवळ पाजायची. मीठ घालून, घोट घोट. "कुणाला सांगू नका," म्हणायची. मी वाचले ती त्या पेजेवर. एकदाही तिनं मला बावीची आठवण दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मी निदान भांडले असते.

चौथ्या दिवशी मी भिंतीला धरून उठले आणि मागच्या दारी गेले. बावीत वाकून पाहिलं. इतके दिवस मी पाणी भांड्यातच पाहिलं होतं. काठाच्या न लिंपलेल्या बाजूनं गोठ्याची काळी धार आत पडत होती, बारीक, अखंड. आत आले तर जाऊ चुलीपाशी पोट धरून पडलेली होती.

तेव्हा मला एकच सुचलं, या बावीचा थेंब तिच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. दिराला मी तिच्या माहेरच्या वाटेवर, झऱ्याचं पाणी आणायला पिटाळलं. घरातलं भरलेलं सगळं पाणी मी स्वतः अंगणात ओतून दिलं, हंडेसुद्धा पालथे घातले. पेज करायची तरी पाणी बावीचंच, म्हणून चूल पेटवली नाही. पाणी उकळलं की त्यातलं विष मरतं, हे मला दिवाळीनंतर देवी टोचायला आलेल्या माणसानं सांगितलं. मला काय ठाऊक? पण मामंजी ऊन पाणी पिऊन धडधाकट होते, मी पेजेवर वाचले होते, हे दोन्ही डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. चूक कळली तेव्हाही मी माझाच शहाणपणा पुढे केला.

दुपार झाली. मधला ओढा भरला होता, दीर पलीकडे अडकला हे आम्हाला मागून कळलं. तिचे डोळे आत गेले, हातापायांना पेटके येऊ लागले. ती पाणी मागत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होते, थांब गं, चांगलं पाणी येतंय, तुझ्या माहेरचं येतंय. थोडा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत राही आणि पुन्हा पाणी मागे. आवाज बसत चालला होता, कान तोंडाशी न्यावा लागे.

"आक्का," ती म्हणाली, "बावीचं बी चालंल."

मी नाही म्हटलं. तिच्या पोरीची शपथ घालून गप्प राहा म्हटलं. नंतर तिनं मागितलं नाही.

त्या वेळी बाहेर पाऊस कोसळत होता. छपराच्या कडेनं पागोळ्यांची धार लागलेली, आमच्यापासून चार हातांवर. हात बाहेर काढून वाटी धरली असती तर भरली असती. दुपारभर ते पाणी माझ्या कानांवर पडत होतं, आणि ते पाणी आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवस मावळायच्या आधी दीर आला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, खांद्यावर कळशी, तोंडाला पानं बांधलेली. पाणी सांडू नये म्हणून ओढ्यातून ती डोक्यावर धरून आला होता. त्यानं ती माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, किती देऊ. मामंजींनी तुळशीचं पान आणून माझ्या हातावर ठेवलं. मी कळशीवरची पानं काढली, चमचाभर पाणी तिच्या तोंडात घातलं. ते आत गेलं नाही, ओठाच्या कडेनं निघून माझ्या लुगड्यावर आलं.