श्रावणात फ्रिजमध्ये बॅक्टेरिया

मी चार वर्षं बॅक्टेरिया पाळले. साधेसुधे नाही, खोल समुद्राच्या तळाच्या चिखलातले, जिथे उजेड नाही आणि पाणी बर्फासारखं गार. तिथे आपलं खोबरेल दगड होईल. हे पठ्ठे मात्र अंगात असं तेल बनवतात की थिजायचं नावच नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये जे ओमेगा-थ्री म्हणून विकतात ना, त्यातलंच एक. मासा न मारता ते मिळवायचं, ही माझी पीएचडी. त्यांची अट एकच, गारवा. मुंबईच्या हवेत काही तास ठेवले की खेळ खलास.

त्या श्रावणात कॉलेजने वायरिंग बदलायला काढलं. लॅब तीन दिवस बंद, फ्रिजलाही वीज नाही, सर गावाला. बॅक्टेरिया वाढवायच्या बहुतेक प्लेटांवर आधीच बुरशी चढलेली, चांगल्या उरल्या होत्या फक्त सहा. त्या गेल्या असत्या तर चार वर्षं पाण्यात. लॅबमधलं काही घरी न्यायचं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्या सहा प्लेटांचा डबा ओढणीखाली लपवून भांडुपला आणला आणि फ्रिजमध्ये पार मागे सारला. वर चिठ्ठी लावली: ‘चेहऱ्याला लावायचं. हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी फ्रिजला वास सुटला. तीन पिशव्यांत गुंडाळूनही अगदी बांगड्याचा! आमची आई मालवणची. चिडली की तिची शहरी मराठी पहिली पळते.

“श्रावणात मासो कोणी हाडलो?” जणू तेच घेऊन आले, असं तिने थेट बाबांकडेच बघितलं.

बाबा बिचारे देवाच्या शपथा घेत होते. मी खाली मान घालून चहात पोळी बुडवत होते. खरं सांगते, लाज वाटली, पण हसू जास्त येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीतून घरी आले तर स्वयंपाकघरात तळं. फ्रिजचं दार सताड उघडं, प्लग काढलेला, आई सोड्याच्या पाण्याने कप्पे घासतेय. गणपती चार दिवसांवर! दरवर्षी गणपतीआधी आमच्या फ्रिजला असं न्हाऊमाखू घातलं जातं, आणि मी अक्कलशून्य, तेच विसरले होते. दूध, भाज्या, लोणची सगळं ओट्यावर. डबा कुठेच नाही.

“आई, माझा डबा? अगं, मेले असतील सगळे!” मला चक्क रडू फुटलं.

तिने मान वर न करता फडक्याने समोरचं दार दाखवलं. “मावशींकडे दिलाय. सकाळीच.”

समोरच्या मावशींचं घर बौद्ध, त्यांच्याकडे ना श्रावण, ना फ्रिज धुवायची घाई. मी अनवाणीच धावले. मावशींनी फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात माझा डबा, गारेगार. झाकण काढून बघितलं, सहाही प्लेटा शाबूत.

“तुझ्या आईने बजावलंय, वर बर्फात नको, इथेच ठेवा,” मावशी म्हणाल्या. “दोनदा येऊन हात लावून बघून गेली, गार आहे की नाही. अगं, आहे तरी काय त्यात?”

मी परत आले, दारातच उभी राहिले. “तुला कळलं होतं?”

“माका मासो कळना नाय?” आई म्हणाली. “वास सुटला त्याच दिवशी उघडून बघितला. मासा असता तर तिथल्या तिथे फेकला असता.”

“मग ठेवलास कशाला?”

ती कप्पा पुसत राहिली. “चार वर्षं झोपेतसुद्धा त्यांचंच बडबडतेस. मेले असते तर तुला कोणी आवरलं असतं?”

मी मागून तिला घट्ट धरलं. ती ओरडली, “सोड गो, पडशीत!” पण तिनेही माझा हात सोडला नाही.